सहा वर्षांखालचा सभासद

ग्रंथालयाच्या बालविभागात लहान मुलांना घेऊन येणाऱ्या आईवडिलांकडून एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "याला अजून अक्षरं कुठे येतात? आत्तापासून पुस्तकं नेऊन काय करायचं?" प्रश्न अगदी रास्त असतो. वाचन म्हणजे अक्षरओळख आणि अक्षरओळख म्हणजे शाळा, हे समीकरण आपल्या मनात इतके घट्ट बसलेले आहे की शाळेच्या आधीच्या पाच-सहा वर्षांत वाचनाच्या बाजूने काही घडत असेल, अशी शंकाही कोणाला येत नाही. ठाण्यातल्या एका छोट्या शासनमान्य ग्रंथालयात मी शनिवारी संध्याकाळी गोष्टींच्या तासाला मदत करायला जाते. तिथे जे पाहते आणि या विषयावर जे थोडेफार वाचले आहे, त्यावरून माझे एक मत पक्के झाले आहे. सहा वर्षांखालच्या मुलासाठी ग्रंथालयाने जे काही करायचे, ते बहुतांशी त्याला घेऊन येणाऱ्या मोठ्या माणसासाठी करायचे असते. या वयाचे मूल ग्रंथालयात एकटे येत नाही, पुस्तक एकटे घरी नेत नाही आणि एकटे वाचतही नाही. आपली ग्रंथालये मात्र एकेका सभासदाचा हिशेब ठेवून उभी राहिलेली आहेत, घराचा नाही, आणि बालविभागाच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

आधी त्या प्रश्नाचे उत्तर. मूल वाचायला लागते त्याच्या कितीतरी आधी भाषा त्याच्या कानात मुरलेली असावी लागते. 'पाणी', 'राणी' आणि 'गाणी' या शब्दांची शेपटी सारखी आहे, हे ज्या मुलाला कानाने कळते, त्याला पुढे 'पा' आणि 'रा' यांतला फरक डोळ्यांनी ओळखणे सोपे जाते. बडबडगीते म्हणताना, टाळ्या वाजवून शब्दांचे तुकडे पाडताना ही तयारी आपोआप होत असते. दुसरी तयारी शब्दसंपत्तीची. घरातले रोजचे बोलणे फार थोड्या शब्दांत भागते: ऊठ, दात घास, डबा संपव, चप्पल घाल. 'दबकत', 'ढोली', 'हिरमुसला', 'लख्ख', 'पैलतीर' हे शब्द जेवणाच्या ताटावर सहसा येत नाहीत, ते गोष्टीत येतात. पहिलीत गेल्यावर मुलाने 'ढो' आणि 'ली' ही अक्षरे जोडून वाचली, पण ढोली म्हणजे काय हे त्याने कधी ऐकलेलेच नसेल, तर त्याच्या हाती नुसता आवाज लागतो, अर्थ लागत नाही. तिसरी तयारी पुस्तक नावाच्या वस्तूची. पान कोणत्या बाजूने उलटायचे, गोष्ट चित्रात असते की त्या काळ्या खुणांत, वाचणाऱ्याचे बोट डावीकडून उजवीकडे का सरकते, या गोष्टी कोणी शिकवत नाही आणि त्या शिकल्यावाचून वाचता येत नाही.

मराठीच्या बाबतीत या तयारीला जास्तच महत्त्व आहे, असे मला वाटते. सुमारे चौतीस व्यंजने आणि बाराखडीतली बारा रूपे एवढाच गुणाकार केला तरी चारशेहून अधिक आकार होतात, त्यांवर जोडाक्षरे आणि रफार वेगळे. काना अक्षरानंतर येतो, मात्रा डोक्यावर बसते, उकार पायाशी लागतो आणि पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी काढायची आणि नंतर उच्चारायची. हे सारे पचवायला मुलांना दोन-तीन वर्षे लागतात, आणि त्यात मुलांचा काही दोष नाही. या लांबलेल्या काळात मूल टिकून राहते ते पुस्तकात काहीतरी मौजेचे असते हा अनुभव आधीच गाठीशी असेल तरच. ज्याने पुस्तक पहिल्यांदा पाहिले तेच पाठ्यपुस्तकाच्या रूपात, त्याने पहिलीतच कंटाळा केला तर नवल कसले?

गोष्टींच्या तासाला प्रत्यक्षात काय चालते, ते जरा सविस्तर सांगते. आमच्या ग्रंथपाल बाई सतरंजीवर मुलांच्या पातळीवर बसतात आणि पुस्तक आपल्या मांडीकडे न वळवता मुलांकडे वळवून धरतात. चित्र आधी, शब्द मागाहून. मध्यंतरी त्यांनी एका शेळीची गोष्ट घेतली होती. शेळी बाजारात शिरते आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून एकेक टोपली रिकामी करत जाते, एवढेच कथानक. तिसऱ्या चित्रावर बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "आता काय होईल?" पुढे बसलेला एक तीन वर्षांचा मुलगा म्हणाला, "मार." बाईंनी 'बरोबर' किंवा 'चूक' असे काहीच म्हटले नाही. त्यांनी विचारले, "कोणाचा मार खाईल शेळी?" तो म्हणाला, "मावशीचा." "कोणती मावशी?" "भाजीवाली मावशी." "भाजीवाली मावशी शेळीला का बरं मारेल?" यावर त्याने क्षणभर चित्राकडे निरखून पाहिले आणि उत्तर दिले, "कारण तिने कोथिंबीर खाल्ली आणि पैसेच नाय दिले." एका शब्दापासून कारणासहित पूर्ण वाक्यापर्यंतचा हा प्रवास मिनिटभरात झाला. त्यात बाईंनी एकही नवी माहिती दिली नाही. त्यांनी त्याचेच उत्तर उचलले, त्याला एक शब्द जोडला आणि पुढचा प्रश्न विचारला.

या रीतीला संवादी वाचन म्हणतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहान मुलांच्या पालकांच्या एका गटाला त्यांनी वाचता वाचता मोकळे प्रश्न विचारायला, मुलाच्या उत्तरात भर घालून ते परत त्याला ऐकवायला सांगितले, तर दुसऱ्या गटातल्या पालकांनी नेहमीप्रमाणे वाचले. दोन्ही गट वाचत होतेच. फरक फक्त वाचण्याच्या पद्धतीत होता, आणि साधारण महिनाभरात पहिल्या गटातल्या मुलांचे बोलणे पुढे गेलेले दिसले. मला या अभ्यासात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की प्रशिक्षण मुलांना दिले नव्हते, पालकांना दिले होते.

म्हणून आमच्या बाई पहिली गोष्ट स्वतः वाचतात आणि दुसरी एखाद्या पालकाकडे देतात. हा क्षण बघण्यासारखा असतो. आठवडाभर लोकलच्या गर्दीत उभ्याने जाऊन-येऊन दमलेले बाबा पुस्तक हातात आल्यावर आधी घसा खाकरतात, मग बातम्या वाचाव्यात तसे एका दमात वाचत सुटतात आणि चित्राचे पान उलटून मोकळे होतात. मांडीवरचे मूल त्यांचा हात धरून पान परत मागे घेते. बाई तेवढ्यात म्हणतात, "दादा, घाई नाही. त्याला बघू द्या." दोन-तीन शनिवार गेले की तेच बाबा वाघाचा आवाज काढू लागतात. काही आयांना मात्र सगळ्यांसमोर वाचण्याचा संकोच वाटतो, त्यांच्यावर कोणी बळजबरी करत नाही, त्या शेजारी बसून ऐकतात आणि ऐकलेले घरी करून पाहतात. मुलांपेक्षा पालकांचा वर्ग म्हणून हा तास अधिक यशस्वी आहे, हे मी कोणत्याही ग्रंथालयाच्या कार्यकारिणीला पैजेवर सांगायला तयार आहे.

ठाणे-कळवा-नवी मुंबई पट्ट्यात 'पालक' म्हणजे आईवडील असे धरून चालत नाही, हेही इथे सांगायला हवे. दोघेही नोकरीला, म्हणजे संध्याकाळपर्यंत मूल आजी-आजोबांकडे किंवा सांभाळणाऱ्या मावशींकडे. कळव्याच्या बाजूने नातवाला घेऊन येणाऱ्या एक आगरी आजी पहिल्या दिवशी दारातच थांबल्या. "मना वाचाला येत नाय गो ताय," असे म्हणून त्यांनी नातवाला आत सोडले आणि स्वतः बाकावर बसल्या. बाईंनी त्यांच्या हातात एक बिनशब्दांचे चित्रपुस्तक दिले. पहिल्याच पानावर होडी होती. आजींनी ती पाहिली मात्र, आणि खाडीत भरती कशी येते, जाळे कसे टाकतात, जिताडा मासा हाताला काटा न टोचू देता कसा धरायचा, असे एकामागून एक सांगत त्यांनी चित्रकाराच्या मनात नसलेली एक गोष्ट त्या पुस्तकात घालून दिली. आजूबाजूची मुले हळूहळू त्यांच्याकडे सरकली. पुढच्या शनिवारी नातवाने तेच पुस्तक मागितले, आणि पानांवर होडी दिसताच आजीच्याच बोलीत आजीचीच गोष्ट सांगितली.

हे वाचन नव्हे, असे म्हणणारे भेटतात. माझ्या मते वाचनाचे हे पहिले दालन आहे. पान उलटले की गोष्ट पुढे जाते, तेच पान उघडले की तीच गोष्ट परत भेटते, हे त्या मुलाला कळले होते, आणि तेही अशा भाषेतून जी त्याला सर्वांत जवळची आहे. आपल्याकडे इंग्रजी माध्यमात मूल घातले की घरात बोलण्याची भाषाही मोडतोड करून इंग्रजी करायची, असा एक प्रकार सुरू झाला आहे. 'फोनिक्स'ची, म्हणजे अक्षरांच्या उच्चारांवरून इंग्रजी वाचायला शिकवणारी, पुस्तके आहेत का, असे विचारणारे पालक दर शनिवारी येतात. घरच्या भाषेत भरपूर बोलणे-ऐकणे झालेल्या मुलाला दुसरी भाषा शिकायला सोपे जाते, ही गोष्ट भाषाशिक्षणात आता वादाची राहिलेली नाही. घर भोजपुरी असो, कन्नड असो की आगरी, मोठ्या माणसाला जी भाषा सहज येते तिच्यात त्याने मुलाशी पुस्तकाबद्दल बोलावे, एवढे जरी ग्रंथालयाने पालकांना पटवून दिले तरी पुष्कळ झाले.

आता आपली ग्रंथालये अशी का आहेत, याकडे वळते. ठाण्याला ग्रंथालयांचा वारसा मोठा आहे. वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले, तेव्हा शिकलेल्या माणसाने इंग्रजी ग्रंथांकडे डोळे लावून बसायचे अशी हवा होती. अशा काळात मराठी पुस्तके जमवण्यासाठी एक संस्था काढायची, हे धाडस होते. त्या पिढीपुढचा प्रश्न पुस्तके नष्ट न होऊ देण्याचा आणि प्रौढ वाचक तयार करण्याचा होता, आणि तो त्यांनी वर्गणीदार सभासदांच्या बळावर सोडवला. राज्यात पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ आला, ग्रंथालय संचालनालय आले, ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी झाली आणि तिच्यानुसार परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवण्यासाठीची मदत, मिळू लागले. मात्र तमिळनाडू किंवा कर्नाटक यांच्या कायद्यांत असलेला ग्रंथालय कर महाराष्ट्राने स्वीकारला नाही. त्यामुळे आपल्याकडची सार्वजनिक ग्रंथालये ही मुख्यतः खासगी संस्थांनी चालवलेली, सभासदांची वर्गणी आणि शासनाचे अनुदान यांवर जगणारी ग्रंथालये राहिली. राज्यात अशी दहा हजारांहून अधिक ग्रंथालये आहेत, ही अभिमानाची बाब आहे. पण वर्गणी भरणारा तो सभासद, अशी एकदा व्यवस्था बसली की वर्गणी न भरणारे, पुस्तक चावणारे आणि मध्येच रडणारे दोन वर्षांचे मूल त्या व्यवस्थेत कोठे बसवायचे, हा प्रश्न उरतोच. बहुतेक ठिकाणी बालविभाग म्हणजे आठ-दहा वर्षांच्या वाचत्या मुलांचा विभाग. त्याखालच्या वयासाठी कार्डच नसते.

वेगळे प्रयोग आपल्या आसपासच झालेले आहेत. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानात मोफत सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे केले, आणि तिथल्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग होता. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर काम करू लागल्या, तेव्हा हा सारा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ साली. मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडीने त्याच्या अंगणात जायचे, हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांचा विचार पुढे 'अंगणवाडी' या नावाने देशभर गेला. पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळच्या सोनाळे गावातून काम करणारी 'क्वेस्ट' ही संस्था आज 'गोष्टरंग' या उपक्रमातून नटांना आदिवासी मुलांपर्यंत गोष्टी घेऊन पाठवते. ही सारी उदाहरणे शहरातल्या ग्रंथालयांच्या हाताच्या अंतरावर असताना ती आमच्या बैठकींत क्वचितच निघतात.

परदेशातल्या एका कल्पनेचा मात्र उल्लेख करायला हवा, कारण ती आपल्याकडे जशीच्या तशी करता येण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे १९९२ साली वेंडी कूलिंग यांच्या पुढाकाराने 'बुकस्टार्ट' सुरू झाले. सात ते नऊ महिन्यांच्या बाळांची नेहमीची आरोग्य तपासणी होते, तेव्हाच आईवडिलांच्या हातात एक पुस्तक आणि ग्रंथालयात येण्याचे आमंत्रण द्यायचे, एवढीच योजना होती. पहिल्या खेपेला तीनशे बाळांपासून सुरू झालेला हा उपक्रम नंतर देशभर पसरला. त्याआधी तीन वर्षे, १९८९ मध्ये, अमेरिकेत बॉस्टनच्या एका रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी तपासणीच्या वेळी पुस्तक देण्याचा असाच उपक्रम सुरू केला होता. यात हुशारी आहे ती जागा निवडण्याची. पुस्तकांच्या दुकानात किंवा ग्रंथालयात न जाणारे कुटुंबही बाळाला लस द्यायला जातेच.

आपल्याकडे नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस देतात. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात त्या दिवशी आयांची रांग असते, बाकावर तासभर बसावे लागते आणि मुले कंटाळून रडत असतात. जवळच्या ग्रंथालयातला एक माणूस चार चित्रपुस्तके घेऊन त्या बाकाशेजारी बसला आणि लसीकरण कार्डाबरोबर एक मोफत बालकार्ड दिले, तर खर्च किती येईल? मी हा हिशेब आमच्या कार्यकारिणीपुढे मांडला आहे आणि तो त्यांना फार मोठा वाटला नाही. अडचण पैशांची नसून परवानगीचे पत्र कोणाच्या टेबलावर द्यायचे याची आहे.

अडचणींचा विषय निघालाच आहे, तर छोट्या अडचणी जास्त घातक असतात, हेही नोंदवते. आमच्या बालविभागात पूर्वी पुस्तके लोखंडी कपाटात कुलपात असत आणि त्यांचे कणे तेवढे काचेतून दिसत. न वाचणाऱ्या मुलाला कणा पाहून काय कळणार? त्याला मुखपृष्ठ दिसले पाहिजे. आता गुडघ्याएवढ्या उंचीच्या मांडणीवर पुस्तके तोंडे बाहेर करून ठेवली जातात आणि मुले ती स्वतः उचलतात. दाखलनोंदीचा गोल शिक्काही असाच. नियमाप्रमाणे तो ठरावीक पानांवर मारायचा असतो, आणि चित्रपुस्तकात त्या पानावर नेमके मांजराचे तोंड असते. निळ्या शाईच्या वर्तुळातून बाहेर डोकावणाऱ्या मिशा पाहून मुले खदखदून हसतात, म्हणून ते पुस्तक बचावले. एरवी ते वाया गेलेच होते.

सर्वांत मोठा अडसर मात्र भिंतीवरच्या पाटीचा आहे: 'पुस्तक फाटल्यास किंवा खराब झाल्यास पूर्ण किंमत भरून द्यावी लागेल.' कादंबरी नेणाऱ्या प्रौढ सभासदासाठी हा नियम योग्य आहे. घरकाम करणाऱ्या एक ताई चार वर्षांच्या मुलीला घेऊन येतात. मुलीने पुस्तक छातीशी धरले होते आणि ताईंनी ते तिच्या हातातून काढून परत मांडणीवर ठेवले. "मॅडम, फाटलं तर?" एवढेच त्यांनी विचारले. त्यांची दुसरी अडचण अर्जाची होती. पत्त्याचा पुरावा हवा, एका जुन्या सभासदाची ओळख हवी, अनामत हवी. भाड्याच्या खोलीचा करार मालकाकडे आणि ओळखीचे कोणी सभासद नाही. आमच्या बाईंनी त्यावर साधा मार्ग काढला. वस्तीतल्या अंगणवाडी सेविकेची सही ओळख म्हणून चालेल, बालकार्डाला अनामत नसेल, आणि पाच वर्षांखालच्या मुलांची पुस्तके वापरून झिजणारच असे धरून ती दरवर्षी नव्याने घ्यायची. पहिल्या वर्षी काही पुस्तके खरोखर फाटली. ज्या पुस्तकांच्या कडा चावून मऊ झाल्या, तीच सर्वांत जास्त घरी गेलेली होती.

पुस्तके घेताना निवड नीट व्हायला हवी, हे वेगळे सांगायला नको, पण मी सांगणार आहे. बालविभागासाठी ठोक खरेदी झाली की हमखास येतात ती जाडजूड गोष्टीसंग्रहांची पुस्तके: दाट मजकूर, भडक रंग, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ठळक टाइपात तात्पर्य. तीन वर्षांचे मूल तात्पर्य मागत नाही, ते 'परत' म्हणते. ज्योत्स्ना प्रकाशन, एकलव्य, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट यांच्याकडे या वयासाठी मराठीत चांगली चित्रपुस्तके मिळतात, आणि त्यांतली कितीतरी स्वस्तही आहेत. प्रथम बुक्सने २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर अनेक भाषांतल्या गोष्टी मोफत उपलब्ध करून दिल्या आहेत, त्यामुळे मराठी आणि घरची भाषा अशा दोन्हींत तीच गोष्ट छापून देता येते. जाड पुठ्ठ्याची, बाळाला हाताळता येतील अशी पुस्तके मात्र मराठीत अजून फारच कमी आहेत. दुकानात दिसतात ती बहुतेक इंग्रजी. कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून बालविभागासाठी साहाय्य मिळू शकते, त्याचे अर्ज जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत जातात. त्याचाही फायदा घ्यायला हवा.

वेळेबद्दल एकच सांगते. दुपारी बंद आणि सकाळी अकराला उघडणारा बालविभाग हा नोकरी करणाऱ्या घरासाठी कायमचा बंदच असतो. गोष्टींचा तास शनिवारी संध्याकाळी नेला, तेव्हा बाबा लोक पहिल्यांदा दिसू लागले.

युनेस्को आणि ग्रंथालयांचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी १९९४ साली सार्वजनिक ग्रंथालयांसाठी जो जाहीरनामा काढला, त्यातल्या कार्यांच्या यादीत पहिलेच कार्य मुलांमध्ये लहान वयापासून वाचनाची सवय रुजवण्याचे आहे. आपल्या ग्रंथालयांच्या वार्षिक अहवालात मात्र सभासदसंख्या, ग्रंथसंख्या, वृत्तपत्रे आणि नियतकालिके मोजली जातात. गोष्टींच्या तासाला आजीच्या मांडीवर बसून गेलेले मूल कोणत्याच रकान्यात येत नाही, कारण त्याने पुस्तक आपल्या नावावर नेलेले नसते. सवय रुजली की नाही हे मोजणे कठीण आहे, हे मान्य. पण कुटुंबाला एक कार्ड द्यायचे आणि त्या कार्डावर घरातल्या मुलांची वये लिहायची, एवढा बदल करायला अधिनियमाची दुरुस्ती लागत नाही.

ज्यांच्या घरात लहान मूल आहे आणि जे कोणत्याही ग्रंथालयाचे सभासद आहेत, त्यांना एक सोपे काम करता येईल. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस फलकावर लागते, सभेला जेमतेम गणपूर्तीपुरती माणसे असतात आणि जमाखर्चात 'ग्रंथखरेदी' ही एकच ओळ असते. त्या ओळीतली किती रक्कम सहा वर्षांखालच्या मुलांच्या पुस्तकांवर खर्च झाली, हा प्रश्न कोणत्याही सभासदाला विचारता येतो. आमच्याकडे तो विचारल्यावर कार्यवाह गोंधळले, कारण आकडा वेगळा काढलेलाच नव्हता. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात ती ओळ वेगळी लिहिली गेली आहे, रक्कम अजून लहान आहे, आणि ती कोणत्या पुस्तकांवर खर्च करायची याची यादी बाईंनी गोष्टींच्या तासाला येणाऱ्या पालकांकडून मागवली आहे.